ग्रहणातली घडी

दुपारचे अडीच वाजलेत. नात माझ्या पसरलेल्या पायांवर झोपली आहे आणि मला उठता येत नाही. तिच्या दोन्ही पायांना पार मांडीपर्यंत प्लास्टर आहे. आज सकाळीच घातलेलं, चौथं. अजून ओलसर आहे, माझ्या पोटऱ्यांना त्याचा गारवा लागतो. सहा आठवड्यांचं पोर ते केवढंसं, पण प्लास्टरसकट असं जड लागतं की कुणी पायांवर पाटा ठेवलाय म्हणावं.

जन्मली तेव्हा तिचे दोन्ही तळवे आत वळलेले होते. एकमेकांकडे तोंड करून, पावलांनी नमस्कार केल्यासारखे. दर गुरुवारी मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं. तिथे नदाफ डॉक्टरीणबाई जुनं प्लास्टर सोडवतात, पाऊल हातात घेऊन कणभर बाहेर वळवतात, तसंच धरून ठेवतात आणि नवं प्लास्टर घालतात. "घाई नाही, आजी," म्हणतात, "आम्ही ओढत नाही. नुसतं सांगत राहतो." बारसं अजून केलेलं नाही. प्लास्टर निघाल्यावर करू, असं ठरलंय. कुणी ठरवलं, कोण जाणे.

सून, केतकी, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही. झोपलेल्या माणसाची पाठ वेगळी दिसते.

माझ्या शेजारी खाटेवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे. दुपटी, झबली, माझ्या मुलाचे, मंदारचे, शर्ट, माझी पातळं, सगळं एकात एक गुरफटलेलं. केतकी घडी घालत नाही. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवसापासून तिने एकाही कपड्याची घडी घातलेली नाही. आणि त्याला कारण मी आहे.

तिला पाचवा महिना होता तेव्हा चंद्रग्रहण आलं. आमच्याकडे ग्रहणात गरोदर बाईने काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, मोडायचं नाही, घडी घालायची नाही. सरळ पडून राहायचं. केतकी तिन्हीसांजेला वाळलेल्या चादरी घेऊन बसली. मी म्हटलं, राहू दे गं. ती हसून म्हणाली, "आई, सावली चंद्रावर पडलीय, चादरीवर नाही." मीही हसले. खरंच हसले. आणि मग पोर झाली, पाय तसे दिसले, आणि तिसऱ्या दिवशी केतकीची आई, बहीण, शेजारच्या दोघी बसलेल्या असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तरी मी सांगत होते, ग्रहणात घडी घालू नकोस."

कोण बोललं हे? अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून जिने काम केलं, ती. दर जुलैला शेकड्याने कोंबडीची अंडी उबवून, फोडून, आतलं पिल्लू कसं कसं घडत जातं ते पोरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जिने ठेवलं, ती.

येत्या रविवारी केतकीचा भाऊ सोलापूरहून येणार आहे, दोघींना न्यायला. "प्लास्टर तिकडेही घालतात," म्हणाली. "थोडे दिवस." थोडे म्हणजे किती, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. गुरुवार उलटत आला. मधे दोनच दिवस.

दमले आहे मी. पाय हलवत मी नातीसाठी कीर्तनातली चाल गुणगुणते, शब्द नाहीत, नुसती चाल. दुसरं काही येत नाही मला. अंगाईसुद्धा येत नाही. आयुष्यभर रामाच्या देवळात खांबाला टेकून जे ऐकलं, तेच. चाल पुढे जाते, मी मागे राहते. ढिगातलं एक दुपटं हाताला लागतं. मऊ आहे.

चिपळ्या वाजतात. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा.

"कुमुदबाई, तेहतीस तासांची अंडी काढलीत का?"

आठल्ये सर उभे आहेत. कीर्तनाचा अंगरखा, डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, आणि त्या सगळ्यावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट, खिशापाशी निळा डाग पडलेला. दिवसा प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख आणि संध्याकाळी कीर्तनकार, असा हा एकच माणूस आमच्या गावात होऊन गेला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मला हे ठाऊक आहे, आणि ते उभे आहेत हेही दिसतंय, आणि दोन्हीत काही भांडण नाही.

"काढते, सर," मी म्हणते. "पण पायांवर बाळ आहे."

"असू द्या. उठूच नका. मीच येतो तिकडे."

ते एक पाऊल टाकतात आणि आम्ही देवळात आहोत. सभामंडप तोच, खांबही तोच, माझ्या पाठीच्या घर्षणाने तेलकट झालेला. गाभाऱ्यात मात्र उबवणीचं यंत्र आहे, लाल दिवा लागलेला, आणि आतून तोच ओळखीचा दमट वास येतो. सतरंजीवर श्रोते बसलेत. दाटीवाटीने, पांढरे, गोल, कुणी खोकत नाही की कुजबुजत नाही. नीट बघते तर अंडी आहेत.

"गर्दी बरी आहे," मी म्हणते.

"यांना उठून जाता येत नाही," सर म्हणतात. "असे श्रोते मिळायला मरावं लागतं."

मला हसू येतं. मग एकदम लक्षात येतं की त्यांचा आवाज आहे. शेवटचं वर्षभर तो नव्हता, घशाच्या दुखण्याने नेला. तेव्हा ते देवळाच्या पायरीवर बसून दुसऱ्याच्या कीर्तनाला नुसते ओठ हलवायचे. आता आवाज तसाच आहे, जरासा खरखरीत, खालच्या पट्टीत भरलेला.

"आजचा विषय," ते श्रोत्यांना म्हणतात, "घडी."

"सर, तो विषय नको."

"का हो?"

"आमच्या घरात चालत नाही."

ते माझ्याकडे बघतात. वर्गात एखाद्याने स्लाइड उलटी ठेवली की बघायचे, तसं. रागावून नाही. मग खांद्यावरचं उपरणं काढतात आणि दोन्ही हातांवर आडवं पसरतात.

"सांगा. सुरुवातीला काय असतं?"

"चकती असते, सर. सायीच्या तुकड्यासारखी. बलकावर तरंगत असते."

"हात? पाय? पाठ?"

"काही नसतं. सपाट असतं सगळं."

"मग पाठ कुठून येते?"

हे मला येतं. हे मी झोपेतही सांगेन, आणि झोपेतच सांगते आहे. "मधली पट्टी खाली जाते आणि दोन्ही काठ वर उचलले जातात."

"कोण उचलतं? देव येतो खाली, चिमटा घेऊन?"

"पेशीच उचलतात, सर. प्रत्येकीच्या वरच्या तोंडाशी दोरी असते. बटव्याची नाडी ओढावी तशी ती ओढली जाते. एकीचं तोंड आवळलं तर काही होत नाही. पण शेजारी शेजारी सगळ्याच आवळतात, मग अख्खा पडदा वाकतो. काठ वर येतात, जवळ येतात, करंजीसारखे मिटतात. झाला पाठीचा कणा."

"कणा नंतर!" सर चिपळी टेबलावर आपटतात. टेबल कुठून आलं? आम्ही प्रयोगशाळेत आहोत, खिडकीबाहेर बदामाचं झाड आहे. "आधी मज्जारज्जूची नळी. अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून ऐकलंत आणि कणा म्हणता. परीक्षेत दोन गुण गेले."

"मी कुठे परीक्षेला बसले?"

"बसायला हवं होतं," ते म्हणतात, हळूच. मग उपरण्याचे दोन्ही काठ बोटांनी वर उचलतात, एकमेकांपाशी आणतात. मध्ये पोकळी राहते, लांब, अंधारी. "आणि हे काठ मिटलेच नाहीत तर? घडी घालायची राहिली तर?"

मी ते पाहिलंय. गरम खारट पाण्याच्या बशीत, कागदाच्या कड्यावर पसरलेलं, पाठ उघडी राहिलेलं एखादं पिल्लू. मी ते बाजूला ठेवायची आणि मनात रामकृष्णहरी म्हणायची. "मग पाठ उघडीच राहते, सर."

"म्हणजे?"

मी उपरण्यातल्या त्या पोकळीकडे बघते.

"तुमच्याकडे घडी घालू नये म्हणतात," सर म्हणतात, "आणि तो घडवणारा आत अंधारात बसून दुसरं काही करतच नाही. पाठ घडीने. पोट घडीने. काळीज म्हणजे तर नुसती नळी, ती वाकते, पीळ घेते, तेव्हा त्याला कप्पे पडतात. आणि रक्त वाहायला लागलं की त्याच्या धारेनेच आतल्या झडपा घडतात. ओढणं, दाबणं, वाकणं, घासणं. त्याची हत्यारं एवढीच, कुमुदबाई. कुंभाराइतकीसुद्धा नाहीत. कुंभाराला निदान चाक असतं."

अंडी ऐकतात. एकातून टकटक आवाज येतो. कुणीतरी आतून दाद देतंय.

"मग माझ्या नातीचा पाय का वळला?"

हे विचारायला मी आले होते, हे विचारल्यावर कळतं. विचारते आणि प्रयोगशाळेच्या भिंती दवाखान्याच्या होतात, हिरव्या, ओल धरलेल्या. नदाफ डॉक्टरीणबाईंच्या स्टुलावर सर बसलेत. त्यांच्या हातात माझ्या नातीचं पाऊल आहे, प्लास्टर नसलेलं, लालसर, अंगठ्याएवढं. पोर मात्र माझ्याच पायांवर आहे. एक पाऊल तिथे, बाकी पोर इथे, आणि तिला काही दुखत नाही.

"ग्रहण केव्हा होतं?" ते विचारतात.

"पाचव्या महिन्यात."

"पावलांची बोटंसुद्धा दुसऱ्या महिन्यात सुटी होतात. पाऊल घडून कधीच झालं होतं. तुमचं ग्रहण पंगत उठल्यावर आलं."

"हो, पण मग का?"

"ठाऊक नाही."

"तुम्ही सर असून?"

"सर होतो म्हणून सांगतो. काही घराण्यातून येतं, काही आत कुठेतरी ओढ कमीजास्त होते. एकच कारण अजून कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. नसलेलं कारण सुनेच्या चादरीत शोधू नका." ते पावलाच्या कडेवर अंगठा ठेवतात आणि वाट बघतात. अंगठा हलत नाही, पाऊल हलतं. कणभर. "आठवतं, एकदा आपण ते पिल्लू पाहिलं होतं, औषधाने हालचाल बंद केलेलं?"

आठवतं. पुण्याहून कुणी पेटीतून आणलेली स्लाइड होती ती. अंड्यात ते पिल्लू हललंच नव्हतं, आणि त्याच्या गुडघ्यात फटच पडलेली नव्हती. हाड सलग, काठीसारखं.

"लाथा मारल्याशिवाय सांधा होत नाही," सर म्हणतात. "हिने मारल्या?"

"खूप. केतकी रात्रंदिवस सांगायची, आई, किती लाथा मारते हो, हात ठेवून बघा. मी ठेवायची. माझा हात उडायचा."

"मग झालं. सांधे उत्तम आहेत. आता बाहेरून जरा ओढ द्यायची, जशी आत होती तशीच. थोडी, रोज, न थकता."

"मी थकलेय, सर."

"दिसतंय."

"तुम्ही घरी चला ना. हे सगळं तिला सांगा. तुम्ही सांगितलंत की पटेल तिला."

"मी गेलोय, कुमुदबाई."

"ते मला ठाऊक आहे. पण आलाच आहात तर दोन मिनिटं."

ते हसतात. पूर्वीसारखंच, दात न दाखवता. "ती मला ओळखत नाही. आणि तिला मी काही बोललो नव्हतो."

मी खाली बघते. पायांवरचं पोर जड आहे.

सर उठतात. आम्ही पुन्हा देवळात, पण आता उजेड खूप आहे, सभामंडपाला छप्परच नाही. ते बुक्क्याची डबी उघडतात, माझ्या कपाळाला बोट लावतात. म्हणजे पूर्वरंग संपला. कीर्तनात पहिला भाग निरूपणाचा, मग मध्ये नामघोष आणि बुक्का, मग उत्तररंग, त्यात गोष्ट. मी पदर सावरून बसते. त्यांची गोष्ट ऐकायला मी पाच मैल चालत गेलेली बाई आहे.

पण ते चिपळ्या काढून माझ्यापुढे धरतात.

"उत्तररंग तुम्ही लावायचा."

"मी? मला गाता येत नाही."

"गोष्ट सांगायला गळा लागत नाही. मला शेवटचं वर्षभर कुठे होता?"

"कुणाची गोष्ट लावू?"

"तुमची. जिथे चुकलात तिथून सुरू करा. मागचं पाल्हाळ नको."

"मी खरंच दमलेय, सर. नीट सांगता नाही येणार."

"दमलेल्या माणसाचं कीर्तन चांगलं होतं," ते म्हणतात. "उगाच ताना मारत नाही."

मग चिपळ्या नाहीतच. त्यांच्या हातात उपरणं आहे आणि त्याचं एक टोक ते माझ्याकडे फेकतात. मी झेलते. दोघांनी चादर धरावी तसं आम्ही ते ताणतो. ते मध्ये उतरतं, काठ वर येतात. सर एक पाऊल पुढे येतात. मला उठता येत नाही, म्हणून तेच येतात, आणखी एक पाऊल, आणखी एक. काठाला काठ लागतो. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागतात. मेलेल्या माणसाची बोटं गार असतील असं वाटलं होतं. उबवणीच्या यंत्रात हात घातल्यासारखी आहेत. अडतीस अंश, ना कमी ना जास्त.

"धरून ठेवा," ते म्हणतात. "दाबू नका. नुसतं धरा."

नात कुरकुरते आणि माझे डोळे उघडतात.

खोली तीच. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर, देव्हाऱ्यापर्यंत चढलंय. ढीग तसाच, गुरफटलेला. पाय बधिर झालेत. माझ्या दोन्ही हातांत दुपटं आहे, आणि त्याची घडी आहे.

साधी चौकोनी नाही. लांब, वितीएवढ्या रुंदीची, दोन्ही काठ आत मिटवलेले, मधे बोट जाईल एवढी पोकळी. कीर्तनाला उभं राहण्याआधी सर उपरण्याची घालायचे तशी. मी त्यांना एकदा शिकवा म्हटलं होतं, माझ्या संधिवाताच्या बोटांना जमलीच नव्हती. सोडून दिलं होतं.

"आई, तुम्ही बोलत होता."

केतकी दारात उभी आहे. केस सुटलेले, डोळे सुजलेले.

"कुणाशी बोलत होता?"

"आठल्ये सरांशी."

"ते गेले ना?"

"हो."

तिचं लक्ष माझ्या हातांकडे आहे. दुपट्याकडे. कितीतरी वेळ ती त्या घडीकडे बघते, जणू घरात कुणी परका येऊन बसलाय.

जिथे चुकलात तिथून, मी मनात म्हणते.

"केतकी, बस जरा. मी चुकले. त्या दिवशी सगळ्यांपुढे तुला बोलले ते. तुझ्या घडीने काहीही झालेलं नाही. कशानेच झालेलं नाही, तुझ्या कशानेच. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले. भ्याले होते गं, पाय बघून. कुणाच्या तरी माथी मारायचं म्हणून तुझ्या मारलं." आवाज फुटतो, पण मी थांबत नाही. "रविवारी जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण हे घेऊन जाऊ नकोस बरोबर."

ती दाराची चौकट धरून उभी राहते. नात पुन्हा कुरकुरते, प्लास्टर माझ्या नडगीवर घासतं.

"मलाही माहीत होतं, आई," ती शेवटी म्हणते. "शाळेत सातवीला मीच शिकवते ग्रहण. पोरांना चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवते." ती ओठ दाबते. "माहीत होतं. पण हातच जायचा नाही. चादर घेतली की वाटायचं, आणखी काही होईल तिला."

मग ती येते आणि माझ्या हातातून दुपटं घेते. मला वाटतं, उलगडेल. ती उलगडत नाही. आतल्या पोकळीत बोट घालून बघते. वाकून बाळाचे दोन्ही पाय अलगद उचलते आणि ती घडी तशीच प्लास्टरखाली सारते, टाचा अधांतरी राहतील अशी. पोर गप्प होते.

केतकी खाटेच्या कडेला टेकते. ढिगातली मोठी चादर ओढून काढते, एक टोक शोधते, दुसरं शोधते. बराच वेळ लागतो तिला. मग दुसरं टोक माझ्यापुढे धरते.

"आज काही नाही ना आकाशात?" ती विचारते. हसत नाही, पण विचारते.

"नाही गं."

"मग धरा."

मला उठता येत नाही. मी बसल्या जागेवरून टोक धरते, आणि ती माझ्याकडे यायला निघते.